शेजारची मिलीबाई आणि माझा भोंडला

इरावती, लिही. मी बोलते तसंच लिही, मधेच सुधारायचं नाही.

आपल्या मंडळाच्या दिवाळी अंकाची मंजूषा म्हणाली, "आजी, इथल्याच एखाद्या साध्या माणसाची गोष्ट सांगा." आता या डच गावात, फेल्डहोवनमध्ये, साधी माणसं काय कमी आहेत? रस्त्यावर निघालं की अर्धे त्या चिपच्या मशिनवाल्या कंपनीतले, माझ्या मुलासारखे, विश्वाससारखे, सायकलवर डबा लावून चाललेले. पण मी सांगणार आमच्या शेजारच्या मिलीबाईची. का, तर गेलं वर्षभर मी मनातल्या मनात तिच्याशीच भांडते आहे. सांगून टाकलं की पोट तरी हलकं होईल.

मिलीबाई नव्वदीची. माझ्यापेक्षा बारा वर्षांनी मोठी. पण बघाल तर ओठांना लाली, केस पांढरेशुभ्र, नीट कुरळे केलेले, आणि तीन चाकांच्या सायकलवरून पोरीसारखी बाजारात जाते. मी इथे दोन पावलं चालले की सून म्हणते, "आई, गुडघा सांभाळा." हिमानी चांगली आहे हो, तिला नाही बोलत. पण मिलीबाईचा गुडघा कुणी सांभाळायला सांगत नाही, हेच मला खुपतं.

ती जन्माची अमेरिकेतली. नवरा इथला, टेओ नावाचा, तो गेला बरीच वर्षं झाली. पहिल्यांदा मी तिच्या दारात गेले ती वाटीभर बेसनाचे लाडू घेऊन. आपली रीत, शेजार धरायचा तर वाटी न्यायची. तिने दार उघडलं, हसली, लाडू घेतले, आणि भिंतीवरची तारखांची वही काढून बघायला लागली. मला वाटलं, काय बाई बघते? तर मला वेळ देत होती! गुरुवारी साडेदहा वाजता कॉफीला या म्हणून. मी दारात उभी, हातात रिकामी वाटीसुद्धा परत मिळाली नाही, आणि ही मला गुरुवारची वेळ देते. अमेरिकेतून आली, पण इथल्या लोकांच्या वरताण झाली. मी घरी येऊन विश्वासला म्हणलं, "मी काय दाताच्या डॉक्टरकडे गेले होते?" तो हसत बसला.

गुरुवारी मी गेले नाही. इरावती गेली, वाटी आणायला. आणि तिथेच सगळं बिघडलं.

ही माझी नात इरावती, चौदा वर्षांची. ही लिहिते आहे तीच. हिला पाळण्यात मी झोपवलं, हिच्या दुधाच्या दातांना मी मध लावला. "आजी, दॅट्स नॉट सेफ," म्हणते आता. बघा, लिहितानासुद्धा बोलते. मराठी सगळं कळतं हिला, रविवारच्या शाळेत लिहायलाही शिकली, पण उत्तर द्यायचं ते इंग्रजीत नाहीतर डचमध्ये. फक्त एका वेळी ही माझ्याशी माझ्या भाषेत असायची, ती गाण्यात. दरवर्षी नवरात्रात मंडळाचा भोंडला असतो. शाळेच्या हॉलात पाटावर हत्ती मांडायचा, भोवती बायकांनी फेर धरायचा. गाणं मी सांगणार. इरावती माझ्या उजव्या हाताला. मी ओळ सोडली की ती धरणार, मग बाकीच्या. पाच वर्षांची होती तेव्हापासून. मला वाचता येत नाही, मराठीसुद्धा नाही, पण गाणी माझ्या डोक्यात शिवून ठेवल्यासारखी आहेत. हॉलात एवढ्या शिकलेल्या पोरी, कुणी मास्ट्रिख्टला डॉक्टरकी शिकणारी, कुणी द हेगला कचेरीत, पण गाण्याला सगळ्या माझ्या तोंडाकडे बघत.

तर वाटी आणायला गेलेली इरावती दोन तासांनी आली. मिलीबाईकडे पियानो आहे. मग रोजच सुरू झालं. शाळा सुटली की दप्तर टाकायचं आणि शेजारी. जेवायला बसलो की मिली असं म्हणाली, मिली तसं म्हणाली. मी वाढलेली आमटी तशीच. मी म्हणलं, "अगं, मिलीने आमटी केली असती तर प्यायली असतीस." तर म्हणते, "आजी, शी वॉज फेमस!"

फेमस म्हणजे काय ते मग मला रोज एक घास एक घास करून ऐकावं लागलं. मी ऐकत नाही असं दाखवायचे, पण कान तिकडेच.

मिलीबाईचं खरं नाव मिल्ड्रेड. आयोवा म्हणून मक्याचा मुलूख आहे, तिथलं एक गाव. बाप पिठाच्या गिरणीत. मी म्हणलं, चला, इतकं तरी माणसासारखं आहे. आई शिवण शिवायची. ही देवळात गायची, त्यांच्या देवळात. गावच्या रेडिओवर पिठाची जाहिरात गाऊन म्हणायची, त्याचं तिला पिठाचं पोतं मिळायचं. सतरा-अठराची असताना शिकागोला स्पर्धेला गेली, आणि तिथे एका तबकडी काढणाऱ्या कंपनीच्या माणसाने तिला उचललं. उचललं म्हणजे काय, पार सोलून परत शिवलं. पुढचे दात सरळ केले. तपकिरी केस पिवळे केले. मिल्ड्रेड हे नाव एखाद्या मावशीचं वाटतं म्हणून तेही काढलं आणि नवीन घातलं, ट्रूडी व्हान्स.

आणि ट्रूडी व्हान्स चालली हो! गाणं कसलं, तर एक मुलगी दाराबाहेर दिवा लावून वाट बघते, दिव्यावर पतंग येतात, तो काही येत नाही. एवढंच. पण हॉटेलातल्या पेटीत नाणं टाकलं की तेच वाजायचं. टीव्हीवर आली, चकचकीत झगा घालून. इरावतीने मला तबकडीचं पाकीट आणून दाखवलं. वर मिलीबाईचा फोटो, कंबर बघा, मुठीत मावेल. मी म्हणलं, "ठेव ते, तेलकट हात लागतील." खरं म्हणजे मला बघवेना.

आता खरं काय खुपलं ते सांगते. फोटो नाही, झगा नाही. तिचा विशीतला आवाज अजून आहे. सुई ठेवली की ती विशीतली पोर गायला लागते. माझाही आवाज होता. आमच्या गुहागरकडे मंगळागौरीला मला लांबून लांबून न्यायचे. रात्र रात्र गायले मी. सकाळी बायका म्हणायच्या, काय गळा आहे. आणि मग त्या घरी जायच्या आणि संपलं. तो गळा कुठे आहे आता? कुठल्या तबकडीवर? माझ्या नातीला तिचा तरुण आवाज माहीत आहे, माझा नाही. माझा तिला हा फाटकाच माहीत.

बरं, पुढचं. चार-पाच वर्षं तिचं राज्य होतं. मग गिटारवाली पोरं आली, पोरी किंचाळायला लागल्या, आणि दिव्याचं गाणं कुणालाच नको झालं. कंपनी म्हणाली, तू पण तसलं धडाधड गा, नाहीतर करार संपला. ही म्हणाली, संपू दे. त्यांनी संपवला. पण जाताना सांगितलं, नाव इथे ठेवून जायचं. ट्रूडी व्हान्स हे नाव कंपनीचं, तुझं नाही.

मग ती जर्मनीत अमेरिकन सैनिकांच्या छावण्यांमधून मिल्ड्रेड म्हणून गात हिंडली. मिल्ड्रेडला ऐकायला कोण येणार? तिथे माइक लावायला हा आपला टेओ होता. आणि एका गावात भिंतीवर तिने कागद बघितला: आज ट्रूडी व्हान्स येणार. नाव तिचं, चेहरा दुसऱ्याच पोरीचा! कंपनीने नाव उचलून दुसरीच्या अंगावर घातलं होतं. तशीच पिवळ्या केसांची, तसलाच झगा.

हे ऐकताना माझा घास हातात राहिला. कारण माझंही नाव गेलेलं. माहेरी मी शामला. लग्नात तुझ्या आजोबांनी, हरिहररावांनी, ताटातल्या तांदळावर अंगठीने नवीन नाव लिहिलं. सगळ्या बायका वाकून बघत होत्या आणि हसत होत्या. मला वाचता येईना. मी मामीला हळूच विचारलं, "मामी, मी आता कोण?" ती म्हणाली, "वीणा." तेव्हापासून वीणा. पण निदान माझं शामला हे नाव काढून माझ्यासमोर दुसरीला नेसवलं तरी नाही कुणी.

मी इरावतीला विचारलं, "मग? तिने काय केलं त्या पोरीचं?" पहिल्यांदाच मी आपणहून विचारलं. इरावतीचे डोळे असे चमकले.

तर मिलीबाई तिकीट काढून गेली. मागच्या रांगेत बसली, पोटात निखारे घेऊन. म्हणाली, ती पोर वाईट गात असती तर मी सुखाने घरी गेले असते. पण पोर बरी गात होती. फक्त दिव्याच्या ओळीला दर वेळी श्वास पुरत नव्हता, शेवटचा शब्द खाली पडत होता. खेळ संपल्यावर ही आत गेली. पोरीने ओळखलं हिला, झगा सावरत उठून उभी राहिली. आणि मिलीबाई तिला म्हणाली, "ओळीच्या आधी नको, दिवा शब्दाच्या आधी श्वास घे. मी तिथेच घ्यायचे." आणि निघून आली. दुसऱ्या महिन्यात टेओशी लग्न करून इथे आली, आणि पुढे तीस वर्षं बेकरीत लोकांना पाव कापून दिले. कुणाला सांगितलंसुद्धा नाही आपण कोण ते.

मी म्हणलं, "मी असते तर त्या पोरीच्या झिंज्या उपटल्या असत्या."

"आय नो, आजी," इरावती म्हणाली.

आता या वर्षीच्या भोंडल्याचं. पंधरा दिवस आधी इरावती माझ्या खोलीत आली आणि दारातच घुटमळली. म्हणलं, "काय झालं?"

"आजी, मिलीचा नव्वदावा वाढदिवस आहे. मी तिचं गाणं म्हणणार आहे. दिव्याचं," नेहमीसारखी इंग्रजीत म्हणाली.

"म्हण की. कधी?"

"रविवारी. दुपारी."

रविवारी दुपारी भोंडला. मग तीच म्हणाली, आणि चक्क मराठीत म्हणाली, म्हणजे किती तयारी करून आली असेल बघा, "आजी, भोंडला दरवर्षी असतो. नव्वद एकदाच होतं."

"आणि मी?" मी म्हणलं. "मी दरवर्षी असणार आहे का?"

ती तोंड एवढंसं करून निघून गेली. लिही, लिही, हेही लिही. मी बोलले ते बोलले.

मग मलाही चेव आला. इरावती नाही तर मी कशाला जाऊ? मंडळात उत्तरा म्हणून आहे, तिला फोन केला, म्हणलं, "माझा गुडघा दुखतो, मला या वर्षी जमायचं नाही." मला वाटलं, ही म्हणेल, काकू असं कसं, तुमच्याशिवाय भोंडला कसा होणार, गाडी पाठवते. तर एका दमात म्हणाली, "अजिबात काळजी करू नका काकू, आराम करा, गाणी मी सांभाळते." एकदासुद्धा या म्हणाली नाही! फोन ठेवला आणि मला रडूच आलं. पण आता बोललेलं मागे कसं घेणार?

खिरापत मात्र मी केली. भोंडल्यात खिरापत डब्यात झाकून न्यायची आणि सगळ्यांनी ओळखायची, ही तर खरी मजा. आमचं गुपित असतं, माझं आणि इरावतीचं. काय करायचं ते आम्ही दोघी रात्री दिवा मालवल्यावर ठरवतो, हिमानीलासुद्धा कळू देत नाही. या वर्षीचं भांडणाच्या आधीच ठरलं होतं, काकडीचं धोंडस. इथली काकडी हातभर लांब आणि नुसतं पाणी, किसून पिळून पिळून माझे हात दुखले. तांदळाचा रवा, गूळ, ओलं खोबरं, आणि भट्टीत लावलं. डबा झाकून हिमानीच्या हातात दिला. ती आणि विश्वास हॉलात गेले, इरावती शेजारी गेली. मी एकटी घरात.

आमची घरं एका भिंतीची. भिंतीतून शेजारची कुजबुज येते, शब्द येत नाहीत. मी भिंतीला कान लावला, काही कळेना. मग मागच्या अंगणात गेले. कुंपण उंच. झाडांची रिकामी पेटी पडली होती, ती उलटी केली आणि चढले वर. हो, त्याच गुडघ्याने.

बघते तर दार उघडं, आत इथल्या वाढदिवसाची तऱ्हा: सगळ्या खुर्च्या गोल मांडलेल्या, म्हातारे म्हाताऱ्या गोल बसलेले, हातात कॉफी, एक एक बिस्किट घेतलं की डबा बंद. मला वाटलं, गोल बसतात पण फिरत कुणीच नाही. आणि मधे माझी इरावती उभी. गायला लागली. शब्द मला कळले नाहीत, पण दिवा आला ते कळलं, कारण त्याच्या आधी तिने श्वास घेतला. आणि ओळ संपवताना शेवट असा लांबवला, हेलकावा देऊन, जसा आपण भोंडल्यात लांबवतो. तो तिला मिलीबाईने नाही शिकवला. तो माझा.

मी ऐकत राहिले आणि बेसावध झाले. टाळ्या संपल्या आणि मिलीबाईने थेट कुंपणाकडे बघितलं. मी खाली वाकले, पण पेटी कर्रकन वाजली. ती काठी टेकत बाहेर आली, मागून इरावती.

"आजी! तू काय करतेस?"

"काही नाही. कपडे वाळलेत का बघते."

मिलीबाई काहीतरी बोलली. इरावती म्हणाली, "मिली विचारते, तुझा भोंडला आता आहे ना?"

"सांग, गुडघा दुखतो."

इरावतीने सांगितलं. मिलीबाईने कुंपणाच्या फटीतून माझ्या गुडघ्यांकडे बघितलं, मग पेटीकडे बघितलं. मग विचारलं, "तिथे आत्ता कोण गातंय?"

"उत्तरा."

"कशी गाते?"

"फोनमध्ये बघून," मी म्हणलं, आणि ते माझ्या तोंडून असं निघालं की भाषांतर करावं लागलंच नाही. मिलीबाई हसायला लागली. हसता हसता तिने कुंपणावरून हात घातला आणि माझा दंड धरला. काय पकड बाई, एवढे पाव कापून कापून! काहीतरी म्हणाली. इरावती म्हणाली, "ती म्हणते, तू पेटीवर उभी राहून ऐकू नकोस. तिकीट काढून आत जा."

आणि आत जाऊन तिने बिस्किटांचा डबा बंद केला, कोट चढवला आणि आपल्या पाहुण्यांना उठवलं. इथली माणसं ठरलेली वेळ कधी मोडत नाहीत हो! पण उठली. मला पलीकडच्या शेजाऱ्याच्या गाडीत घातलं, आणि मागून ही सात-आठ म्हातारी मंडळी सायकलींवर ओळीने, पुढे मिलीबाई तीन चाकांवर, डोक्यावर वाढदिवसाची कागदी टोपी तशीच.

हॉलात गेलो तर फेर चालू होता. उत्तरा एका हातात फोन धरून गात होती, आणि ओळीच्या शेवटी तिचा दम संपत होता, मग बाकीच्यांची ओळ अर्धी लटकत होती. मला बघितलं आणि तिचा चेहरा पडला. "काकू, या, या, तुम्हीच सांगा," म्हणून बाजूला व्हायला लागली.

माझ्या मनात काय आलं असेल, सांगायला नको. मला तेच तर हवं होतं, सगळ्यांसमोर. मी वळून मिलीबाईकडे बघितलं. ती हत्तीकडे बघत होती, पण कान माझ्याकडे, मला माहीत आहे.

मी उत्तराच्या शेजारी उभी राहिले. म्हणलं, "तो फोन ठेव आधी. हत्तीची सोंड समोर आली की सगळ्या श्वास घेतात, तेव्हा तूही घे. मग ओळ उचल. म्हण आता, मी आहे."

ती म्हणाली, आणि बरी म्हणाली. दुसरंही गाणं तिलाच दिलं. तिसऱ्याला मात्र मी तिला बाजूला केलं. मी काही मिलीबाई नव्हे.

इरावती माझ्या उजव्या हाताला आली. तिच्या पलीकडे मिलीबाई. पोरीने एक हात मला दिला, एक तिला. मी जरा ओढून घेतला माझ्याकडचा.

मग काय, भोंडला संपल्यावर सगळ्या मिलीबाईभोवती. इरावतीने सांगून टाकलं ना ही कोण ते! "गा, गा" म्हणून पाठ धरली. ती गायली, कापऱ्या आवाजात, पण दिव्यापाशी श्वास बरोबर. सगळ्यांचे फोन वर. मी इतकी वर्षं गाते, कुणी फोन वर केला होता का? माझ्या पोटात परत तेच निखारे. नव्वदीला टाळ्या घेते आणि वर टोपी घालून घेते.

आणि शेवटी खिरापत. हिमानीने झाकलेला डबा मधे ठेवला. "ओळखा!" कुणी म्हणे शिरा, कुणी म्हणे नारळाची वडी, सायकलवरून आलेले एक डच आजोबा म्हणे सफरचंदाचा केक. मी मनात खूश. कुणाच्या बापाला ओळखू यायचं नाही. तेवढ्यात मिलीबाईने शाळेतल्या पोरीसारखा हात वर केला आणि म्हणाली, "धोंडस."

स्वच्छ म्हणाली! हॉल दणाणला टाळ्यांनी. मी इरावतीकडे बघितलं. ही ओढणीत तोंड लपवून हसते आहे.

आमचं गुपित, दिवा मालवून ठरवलेलं, शेजारी पोचलं कसं, ते वाचणाऱ्यांनी हे लिहिणारीला विचारावं. आत्तासुद्धा हसते आहे. पुढच्या वर्षीची खिरापत मी तुला मुळीच सांगणार नाही. सांगणार नाही म्हणजे नाही.

बरं, इकडे ये. कान कर. आणि आता पेन खाली ठेव, हे लिहायचं नाही. तिलाही सांगायचं नाही.